ताजमधल्या संध्याकाळी : बाजा कोणी वाजवला, दिवे कोणी लावले

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या जुन्या संध्याकाळींवर इतकं छापून आलं आहे की त्यात आता भर कशाला, असं कोणीही विचारेल. त्यातून आम्ही सावरगावचे. जाम नदीच्या या काठाला आम्ही, त्या काठाला पांढुर्णा. इथून मुंबई म्हणजे नागपूरला जाऊन गाडी बदलायची आणि एक रात्र काढायची. तरी हा लेख लिहितो आहे, त्याला दोन कारणं. एक म्हणजे या विषयावरचं जे लेखन वाचनात आलं, त्यातलं थोडं फार चांगलं आहे आणि बरंचसं नुसतं उसासे टाकणारं आहे. हा फरक आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे मांडायला हवा. दुसरं म्हणजे, ज्या संपत्तीच्या बळावर ते हॉटेल उभं राहिलं तिची एक वाट आपल्या काळ्या मातीतून जाते, आणि हॉटेलच्या गोष्टीत ती वाट सहसा कोणी दाखवत नाही.

माझा पिंड इंजिनिअरचा. उमेदीची वर्षं पंपहाउस आणि सबस्टेशनात गेली, इतिहास नंतर हौसेने आणि स्वतःच्या स्वतः वाचला. त्यामुळे कोणी मला जुन्या नाचघराचा फोटो दाखवला की माझी नजर आधी छताकडे जाते. पंखे किती, तारा कुठून आणल्या, खांब कशाचे. याला खोड म्हणा की सवय म्हणा, या लेखात त्याच नजरेने पाहिलं आहे.

आधी पुस्तकांबद्दल

नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' २०१२ साली आलं. विषय मुंबईतला जॅझचा काळ. त्याच्या थोडं आधी चार्ल्स ॲलन आणि शारदा द्विवेदी यांचं 'द ताज ॲट अपोलो बंदर' आलं, ते हॉटेलची कहाणी सांगतं. दोन्ही इंग्रजीत आहेत, दोन्ही देखणी आहेत, आणि दोन्ही २००८ च्या २६ नोव्हेंबरनंतरची आहेत. त्या हल्ल्यात धुराने वेढलेला घुमट सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. त्यानंतर या इमारतीवर लिहिणाऱ्याची लेखणी आपोआप हळवी होते, आणि त्यात गैर काही नाही. पण हळवेपणा ही इतिहासाची पद्धत नव्हे. हल्ल्यानंतर जे वर्तमानपत्री लेख आले आणि फोनवर फिरले, त्यांत हॉटेलच्या दंतकथा जशाच्या तशा पुन्हा छापल्या गेल्या. दुःखाच्या वेळी कोणी पुरावा मागत नाही, म्हणून त्या जास्तच पक्क्या झाल्या.

फर्नांडिस यांचं पुस्तक या गर्दीत वेगळं पडतं, आणि का ते नीट सांगायला हवं. ताजच्या संध्याकाळींवर लिहिणारे बहुतेक जण नाचणाऱ्यांकडे पाहतात. महाराजे, व्हाइसरॉयचे पाहुणे, पारशी घराणी, कोणी कुठला पोशाख केला होता. फर्नांडिस यांनी तोंड फिरवलं आणि बँडच्या चौथऱ्याकडे पाहिलं. साधी गोष्ट वाटते, पण सगळं चित्र त्याने बदलतं. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजला आला. त्याच्याबरोबरचा ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ पुढे स्वतः बँड चालवू लागला. टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक शांघायकडून इकडे आला. पुस्तकाचं नाव ज्या धूनीवरून आहे ती स्मिथच्या वाद्यवृंदाने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केली. ज्या माणसांना स्वतःच्या देशात अनेक हॉटेलांच्या पुढच्या दाराने आत जाता येत नव्हतं, ती इथे अपोलो बंदरावर मुख्य आकर्षण होती. त्यांच्या शेजारी बसून आणि त्यांना ऐकून गोव्याची मुलं शिकली. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवत होता, आणि १९४५ मध्ये कॉलऱ्याने तिथेच गेला. ही माणसं नावानिशी, चेहऱ्यानिशी उभी करणं हे या पुस्तकाचं खरं काम, आणि ते चोख झालं आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. पुस्तक मिटल्यावर मनात उरते ती हळहळ, की मुंबईजवळ काहीतरी सुंदर होतं आणि ते गेलं. ते गेलं की फक्त पत्ता बदलून दुसरीकडे राहायला गेलं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यावर पुढे येतो. आधी दंतकथांचा निकाल लावू.

दोन दंतकथा आणि एक 'पहिली'

पहिली दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. जमशेटजी टाटांना वॉटसन्स हॉटेलात प्रवेश नाकारला, म्हणून संतापून त्यांनी ताज बांधलं. वॉटसन्स खरंच होतं, आजही काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन या नावाने मोडकळीला आलेलं उभं आहे. १८६० च्या दशकात विलायतेत ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून ते इथे जोडलं. माझ्यासारख्याला त्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यापुढे हात जोडावेसे वाटतात. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली तीही तिथेच. पण अपमानाची ती गोष्ट? चार्ल्स ॲलन यांनीच तिच्यावर शंका घेतली आहे. जमशेटजींचे स्नेही आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांच्या सांगण्याचा रोख असा, की जमशेटजींना हॉटेलमालक व्हायची हौस नव्हती, लोकांना भारताकडे ओढायचं होतं. १८९६ पासून मुंबईत प्लेग होता. शहराची अब्रू गेलेली, चांगल्या हॉटेलाची बोंब. अशा वेळी १८९८ मध्ये अपोलो बंदरावर भरणीची जागा घेणारा माणूस रागात नव्हता, हिशेबात होता. नागपूरला गिरणी घालताना त्यांनी जो विचार केला तोच इथे केला. राग एका रात्रीत उतरतो, पाच वर्षं बांधकाम चालवायला दुसरं काहीतरी लागतं.

तरी ही दंतकथा मरत नाही, कारण ती आपल्याला हवी आहे. गोऱ्याने हाकललं आणि आपल्या माणसाने त्याच्याहून मोठं बांधून दाखवलं, यात सुख आहे. पण त्या सुखापायी आपण त्या माणसाला लहान करतो. द्रष्ट्याचा चिडका माणूस होतो.

दुसरी दंतकथा अशी, की इमारत उलटी बांधली गेली. तोंड समुद्राकडे हवं होतं ते शहराकडे झालं, आणि आर्किटेक्टने हे पाहून जीव दिला. ज्याने एकदा तरी साइटवर पाया आखताना पाहिला आहे, त्याला ही गोष्ट ऐकून हसू येईल. नकाशा उलटा धरला तर पायाच्या पहिल्या दिवशी कळतं. चार मजले चढल्यावर नाही. शिवाय माणसं पाहा. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० मध्येच वारले, इमारत पुरी व्हायच्या कितीतरी आधी. काम पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. म्हणजे मूळ नकाशा काढणाऱ्याने पुरी इमारत कधी पाहिलीच नाही.

मग तोंड शहराकडे का? कारण त्या वेळी पाहुणे गाडीघोड्याने शहराच्या बाजूने यायचे, बंदराच्या बाजूने नाही. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हताच, त्याचं उद्घाटन १९२४ चं. आणि मुंबईचा वारा पश्चिमेकडून येतो, बंदर पूर्वेला आहे. दोन बाजूंच्या इमारती आणि मध्ये पश्चिमेला उघडा चौक, अशी रचना वारा आत घ्यायला सोयीची, आणि बंदराचा देखावा मिळतो खोल्यांना. हा शहाण्या माणसाचा नकाशा आहे. एका मराठी वास्तुकाराने वारा ओळखून केलेल्या कामाला आपण शंभर वर्षं चूक म्हणत आलो, याचं मला जास्त वाईट वाटतं. वैद्यांचं नाव हेरिटेज वॉकमध्ये घेतलं जातं ते ओझरतं, आणि न घडलेल्या आत्महत्येची गोष्ट मात्र रंगवून सांगतात.

आता ती 'पहिली'. 'विजेचे दिवे लागलेली मुंबईतली पहिली इमारत' असं ताजबद्दल सर्रास लिहितात. क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे १८८२ सालीच लागले होते. मग ताजचं वेगळेपण काय? ते आहे, आणि दिव्यांपेक्षा मोठं आहे.

संध्याकाळ चालते कशावर

हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. पहिले पाहुणे सतरा. मधला घुमट अजून व्हायचा होता. आता हे लक्षात घ्या, की शहराला वीज पुरवणारी बेस्ट कंपनी १९०५ ची, विजेची ट्राम १९०७ ची, आणि खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ चं. म्हणजे १९०३ मध्ये वीज बाहेरून घेणं शक्यच नव्हतं. हॉटेलला स्वतःचं वीजघर लागलं. ती यंत्रसामग्री जर्मनीतून आली. पंखे अमेरिकेतून आले. लिफ्ट होती, बर्फ करायची यंत्रणा होती, लाँड्री होती, सोडावॉटर भरायचं यंत्र होतं, चांदीच्या भांड्यांना मुलामा द्यायची सोय होती. पॅरिसहून मागवलेले दहा खांब आजही नाचघराचं ओझं पेलतात, असं टाटांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. मधला तो प्रसिद्ध जिना, ज्याला खाली आधार दिसत नाही, तो कंत्राटदार सोराबजी रतनजी यांच्या डोक्यातून निघाला असं मानतात.

हे मी यादी म्हणून देत नाही. मुद्दा असा, की संध्याकाळ हे एक यंत्र होतं. मुंबईच्या मे महिन्यात शंभर माणसं कोट-टाय घालून रात्री दहापर्यंत नाचू शकतात, याचा अर्थ कुठेतरी खाली बॉयलरला कोळसा घातला जातो आहे, कोणीतरी घाम पुसत दाब पाहतो आहे, कोणीतरी बर्फाच्या लाद्या वर पाठवतो आहे, आणि उद्या सकाळी लागणारे टेबलक्लॉथ कोणीतरी आत्ताच धुतो आहे. दिव्याचा झोत बँडवर पडतो, झोत पाडणारा अंधारात असतो. वीजघर आणि बॉयलर चालवणारी माणसं कोण होती, कुठून आली, रात्री घरी कशी जायची, यावर पुस्तकांत दोन ओळी मिळाल्या तरी मला पुरे. फर्नांडिस यांनी नाचणाऱ्यांवरून वाजवणाऱ्यांकडे नजर नेली. तिथून आणखी एक जिना खाली उतरायचा बाकी आहे.

पहिल्या महायुद्धात याच इमारतीत सहाशे खाटांचं इस्पितळ झालं. त्याची आठवण ताजच्या 'संध्याकाळीं'च्या लेखात क्वचित येते. वास्तविक तीच पंखे-लिफ्ट-लाँड्रीची यंत्रणा होती, म्हणून इस्पितळ एवढ्या लवकर होऊ शकलं. नाचघर आणि इस्पितळ दोन्ही चालतात ते एकाच तळघरावर.

'सगळे एकत्र आले' : खरं किती?

ताजबद्दल नेहमी म्हणतात की इथे गोरा-काळा भेद नव्हता, सगळे एकत्र आले. यात तथ्य आहे. हॉटेलच्या अगदी शेजारच्या यॉट क्लबात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं, भायखळा क्लबची तीच तऱ्हा. त्या मानाने ताजचं दार उघडं होतं. सरोजिनी नायडूंचा मुक्काम तिथे असायचा आणि राजकारणातली माणसं त्यांच्याकडे येत-जात. १९२८ मध्ये जिनांपासून वेगळ्या झालेल्या रत्तीबाई तिथे राहायला आल्या. म्हणजे इंग्रज अधिकारी, काँग्रेसवाले, संस्थानिक, गिरणीमालक एकाच छताखाली जेवत होते, हे खरं.

पण 'सगळे' या शब्दाला चाळण लावून पाहा. पहिली चाळण पैशाची. दुसरी पोशाखाची. तिसरी इंग्रजीची. आणि चौथी, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही, ती म्हणजे घरातल्या बाईला परपुरुषाचा हात धरून नाचू देण्याची तयारी. या चारही चाळण्यांतून मराठी मध्यमवर्ग जवळजवळ सगळा बाहेर राहिला. दारात कोणी अडवलं म्हणून नव्हे, तो दारापर्यंत गेलाच नाही.

याची साक्ष आपल्या भाषेत आहे. मराठीत 'हॉटेल' म्हणजे राहायची जागा नव्हेच. आपल्याकडे हॉटेल म्हणजे भजी-चहाचं, बाकडं टाकलेलं, समोर कढई उकळते ते. राहायला असतो तो लॉज. 'पोरगं हॉटेलात बसतं' हे वाक्य आपल्याकडे तक्रार म्हणून म्हणतात. इंग्रजीतला ग्रँड हॉटेलचा अख्खा डौल त्या शब्दातून गळून गेला आणि कढई उरली. मला यात कमीपणा वाटत नाही. पण ताजच्या संध्याकाळींना 'मुंबईची संध्याकाळ' म्हणणाऱ्या लेखकांनी हा शब्द एकदा कानावर घ्यावा. त्याच रात्री गिरणगावात भजनं चालली होती, तमाशाचे फड लागले होते, आणि तीही मुंबईच होती.

गोव्याच्या वादकांची गोष्ट या चाळणीत मधेच अडकते. त्यांना दार उघडं होतं, पण हातात वाद्य असेपर्यंत. चर्चच्या शाळेत लहानपणी व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकलेली ही मुलं मुंबईत यायची आणि धोबीतलावच्या कुडांमध्ये उतरायची. कूड म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी चालवलेली सामाईक खोली. एक ट्रंक, एक पथारी, भिंतीला देव. रात्री टक्सीडो घालून संस्थानिकांपुढे वाजवायचं आणि नंतर त्या पथारीवर येऊन पडायचं. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून वीसेक वर्षं ताजमध्ये बँड चालवला. आल्डोन्याचे अँतोनियो शावियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. गोऱ्या पाहुण्यांना जीभ वळेल असं नाव घ्यायचं, हाही त्या संध्याकाळीचा एक नियमच होता.

आपला कापूस

आता आपल्याकडे येऊ. जमशेटजींनी ताजवर पैसा घातला तो बराचसा स्वतःच्या खिशातून. तो खिसा भरला कशाने? कापसाने. आणि त्यांच्या कापूस-उद्योगाचा पाया मुंबईत नाही, नागपूरला होता. १ जानेवारी १८७७, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, त्याच दिवशी नागपूरची गिरणी सुरू झाली आणि तिला नाव मिळालं एम्प्रेस मिल. मुंबई सोडून नागपूरला गिरणी घालण्याबद्दल तेव्हा लोक हसले होते. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरायला पैसे मागितले तेव्हा एका सावकाराने, हा माणूस मातीत सोनं पुरतो आहे म्हणून नकार दिला, अशी कथा आहे. जमशेटजींचा हिशेब सरळ होता. रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती, कोळसा जवळ वरोऱ्याला होता, आणि कापूस पिकवणारा मुलूख चारी बाजूंनी होता.

त्या मुलखाचं वरचं टोक म्हणजे सौंसर-पांढुर्ण्याचा टापू. सातपुडा उतरून खाली आलं की जी काळी जमीन लागते ती आपली. आज आपण संत्र्यामुळे ओळखले जातो, पण संत्र्याच्या आधी इथे कापूस आणि ज्वारी होती. मध्यप्रांताची राजधानी नागपूर, आपली बाजारपेठ नागपूर, सोयरीक नागपूरकडे. बैलगाडीतून गेलेल्या अमक्याच कापसाचं सूत एम्प्रेसमध्येच निघालं, असं मी म्हणत नाही. असा दावा करायला हिशेबाची वही लागते. पण विदर्भ आणि त्याच्या कडेचा हा पट्टा नसता तर एम्प्रेस मिल नागपूरला आली नसती, आणि एम्प्रेस नसती तर ताजसाठी खिशात हात घालायला खिसा एवढा खोल नसता, हे म्हणायला वही लागत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळाच्या मानाने एम्प्रेस ही बरी गिरणी होती. हवा दमट ठेवायची यंत्रं, आग विझवायचे फवारे तिथे लवकर आले. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ पासून अपघाताची भरपाई. गिरणीत हवा खेळती ठेवण्याचा जो विचार केला तोच पुढे ताजच्या पंख्यांत दिसतो. एकाच डोक्यातली गोष्ट आहे. पण ताजच्या कौतुकात नागपूरचा उल्लेख एका ओळीत संपतो, आणि नागपूरच्या पलीकडचं शेत तर त्या ओळीतही नाही.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेच्या एका भागावर आता मॉल आहे, नाव एम्प्रेसचंच. ताजच्या जिन्यावर पुस्तकं निघतात, आणि ज्या गिरणीने पाया घातला तिचं नाव उरलं ते दुकानांच्या पाटीवर. याबद्दल मी ताजला दोष देत नाही. ज्याच्याकडे फोटो असतात त्याचा इतिहास लिहिला जातो, एवढंच.

गेलं की पत्ता बदलला?

आता त्या हळहळीकडे. नेहमीचं स्पष्टीकरण असं, की मोरारजींनी दारूबंदी आणली आणि मुंबईचा जॅझ मेला. मुंबई इलाख्यात पूर्ण दारूबंदी ६ एप्रिल १९५० पासून लागू झाली, हे बरोबर. हॉटेलांच्या रात्रीच्या कमाईला तिचा फटका बसला, हेही बरोबर. पण एका कारणावर एवढं ओझं टाकलं की माझ्यातला इंजिनिअर सावध होतो. एक खांब तुटला म्हणून अख्खी इमारत पडत नाही, बाकीचे आधीच खिळखिळे असावे लागतात. १९४७ मध्ये गोरा ग्राहक गेला. लगेच संस्थानं विलीन झाली, महाराजांचा हात आखडला. युद्धामुळे मुंबईत आलेले परदेशी सैनिक परतले. म्हणजे नाचणाराच कमी झाला होता. दारूबंदी शेवटची आली.

आणि वादक? ते दारूबंदीची वाट पाहत बसले नव्हते. सिनेमाचे स्टुडिओ चाळिशीतच त्यांना ओढू लागले होते. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपल्या संगीतकाराच्या डोक्यात चाल असायची, पण तीस वाद्यांनी काय वाजवायचं ते कागदावर उतरवायला स्वरलिपी जाणणारा माणूस लागायचा. गोव्याच्या चर्चच्या शाळेने ती विद्या दिली होती आणि ताजसारख्या नाचघरांनी तिला जॅझची धार लावली होती. चाल मराठी-हिंदी संगीतकाराची, मांडणी गोवेकराची, अशी जोडी जमली. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि चिक चॉकलेट ही त्यातली ठळक जोडी. १९५१ चा 'अलबेला' आठवा. चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावर स्वतः दिसतो. आणि समोर नाचतो कोण? भगवान आबाजी पालव, आपल्या अमरावतीत जन्मलेला, गिरणी कामगाराचा मुलगा.

हे चित्र मला ताजच्या कुठल्याही फोटोपेक्षा मोठं वाटतं. ज्या संध्याकाळीचं दार चार चाळण्यांनी बंद होतं, तिचा बाजा गिरणी कामगाराच्या पोराच्या पायात आला. कोट-टाय नको, इंग्रजी नको, तिकिटाला चार आणे हवेत. तंबूतल्या टॉकीजने तो आपल्यासारख्या गावांत पोचवला, आणि आजही आपल्याकडे वरातीच्या बँडवाल्याला विचारा, 'अलबेला'ची गाणी त्याला येतातच. त्याने ट्रंपेटवर जो सूर ओढला त्याचं मूळ कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. सांगितलं तर तो खूश होईल. म्हणून मी म्हणतो, ताजची संध्याकाळ मेली नाही. ती जिना उतरून खाली आली. उच्चभ्रूंच्या लेखनात याला ऱ्हास म्हणतात. आमच्याकडून पाहिलं तर ती घरी आली.

आपल्यासाठी

फर्नांडिस यांचं पुस्तक मंडळाच्या प्रत्येकाने मिळवून वाचावं, असं माझं मत. त्यात शिकण्यासारखी पद्धत आहे. जुनी तबकडी, म्हाताऱ्या वादकाची आठवण, हॉटेलची जाहिरात, यांतून माणूस उभा करण्याची. ॲलन-द्विवेदींचंही वाचावं. फक्त कुठल्याही भव्य वास्तूबद्दल वाचताना चार प्रश्न खिशात ठेवा. पैसा कुठून आला? यंत्र कोणी चालवलं? दारात कोण थांबलं? आणि ती गोष्ट संपल्यावर तिचं कौशल्य कुठे गेलं? पहिल्या तीन प्रश्नांनी कौतुक थोडं कमी होतं. चौथ्याने हळहळ कमी होते.

हेच प्रश्न आपल्या गावालाही लागू आहेत. पांढुर्णा-सौंसरच्या जुन्या जिनांवर पुस्तक निघणार नाही, कारण तिथे कोणी टक्सीडो घालून नाचलं नाही. पण तिथे फिटर होते, तोलारे होते, रेचे होते, भोंगा होता. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. आता नवी कार्यालयं, नवे रस्ते होतील आणि जुनी शेडं पाडली जातील. पाडू नका असं म्हणण्याची आपली ताकद नाही. पण पाडायच्या आधी मोजता येईल, फोटो काढता येईल, ज्यांनी तिथे काम केलं त्यांच्याशी तासभर बसून त्यांचं बोलणं टिपता येईल. बँडवाल्यांचंही तसंच. कोणाच्या आजोबांनी कोणाकडून क्लॅरिनेट घेतलं, चाली कानाने उतरवल्या की कागदावरून, हे विचारायला आज माणसं आहेत.

ताजच्या बँडला नावं मिळाली, ती एका माणसाने तोंड फिरवून चौथऱ्याकडे पाहिलं म्हणून. आपल्याकडे कोणत्या बाजूला तोंड फिरवायचं, ते ठरवायला पुढची बैठक पुरे आहे. ज्यांच्या घरी जिनिंगच्या जुन्या पावत्या असतील त्यांनी त्या घेऊन यावं.